चढ, टक्क्यांत

अल हमराच्या पेट्रोल पंपावर पहाटे साडेपाचला
चार बाटल्या भरल्या, टायर दाबून पाहिले,
एक पराठा खाल्ला, एक फडक्यात बांधला
आणि सायकल डोंगराच्या तोंडाला लावली.

हा रस्ता मी मोजलाय.
सव्वीस वर्षांपूर्वी. कंपनीची जीप, तिपाईवर दुर्बीण,
समोर पट्टी धरून उभा हिलाल अल अब्री,
एकोणीस वर्षांचा, दिशदाशा कंबरेला खोचलेला.
मी हात डावीकडे हलवला की तो पट्टी डावीकडे कलती करी.
संध्याकाळी तंबूत वहीत लिहायचो:
चढ, चौदा टक्के.
लिहायला चार सेकंद लागायचे.

आज त्या चार सेकंदांचा तिसरा तास चालू आहे.

सगळ्यात हलका गिअर केव्हाच लावून झालाय,
बोटं तरी आणखी एक शोधतात.
मांड्यांना टक्केवारी कळत नाही,
त्यांना पुढचा दगड कळतो,
मग त्याच्या पुढचा.
पुठ्ठा चघळणारी एक शेळी माझ्याकडे बघते
आणि मला ओलांडून पुढे जाते.
चालत.

हिलाल तेव्हाच म्हणाला होता,
गाढवांची वाट पलीकडून जाते, बोरींच्या खालून, तिकडून ने.
मी नकाशा उलगडला.
त्याने तो नीट पाहिला, बराच वेळ.
"यात सावली कुठाय?" म्हणाला.

आणि एक गोष्ट कुठल्याच अहवालात नाही.
शिखरापर्यंत नेलेली पातळी परत खाली आणली
तर हिशोब जुळेना.
चढताना डोंगर जेवढा होता
उतरताना एकवीस सेंटीमीटर कमी भरला.
पुन्हा मोजायचं तर आठवडा गेला असता,
घरी बायकोचे दिवस भरत आले होते.
मी ते एकवीस सेंटीमीटर बारा खुणांवर वाटून टाकले,
हळदीकुंकवाचं वाण वाटावं तसे,
कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
रस्ता झाला. मुलगी झाली.

सातव्या वळणावर उतरून खूण शोधली.
खडकावरचा लाल रंग निम्मा कठड्याखाली गेलाय,
सात उरलाय माझ्या अक्षरात, खालचा आकडा उडालाय.
बरं वाटलं.
मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.
मग नुसती तहान लागली.

वर वारा असा की पाटीला धरून उभा राहिलो.
पलीकडे डांबर संपलं, खडीचा उतार,
ब्रेक दाबून दाबून बोटं वाकडी,
चाकाच्या कडेला थुंकी लावली तर चर्र झालं.
खाली गाव. हाट.
नावात बाजार, गावात दुकान एकच,
खजुरांचा एक हिरवा तुकडा
आणि फलजचं पाणी, ज्याची पाळी त्याच्या वाफ्यात वळणारं.

दुकानाबाहेर हिलाल. दाढी अर्धी पांढरी.
आधी सायकलकडे बघतो, मग माझ्याकडे,
मग माझ्यामागे, रस्त्याकडे.
"गाडी?"
"हीच."
इतका हसला की आतून त्याचा मुलगा धावत आला.

कॉफी झाली, खजूर झाले, मांड्यांना कसलंसं तेल.
मग मी त्याला एकवीस सेंटीमीटर सांगितले,
अरबीत, हिंदीत, शेवटी हातांनी,
दोन तळव्यांमध्ये एवढं अंतर धरून.
तो त्या अंतराकडे पाहत राहिला.
म्हणाला, "एक दिवस दगडावर विंचू होता.
पट्टी मी शेजारच्या दगडावर ठेवली.
तुझा डोळा दुर्बिणीत. तुला कशाला हाक मारायची?"

"कुठल्या वळणावर?"
"विंचवाला विचार."

मी कप हलवला, पुरे म्हणून. त्याने तरी भरला.
निघताना विचारलं, पुढे कसं जायचं?
हात ताठ करून म्हणाला, "सीदा."
आपलाच शब्द, समुद्र ओलांडून इथे स्थायिक झालेला.
त्याच्या बोटाच्या रेषेत
मला नऊ वळणं दिसत होती.